जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांसाठी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलची निवड

लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल हा मोटारवाहनाच्या अ‍ॅक्सलमध्ये बसणाऱ्या डिफरेन्शियलचा एक प्रकार आहे. एका अ‍ॅक्सलवरील दोन चाकांच्या वेगांत किती फरक पडू द्यायचा यावर तो मर्यादा घालतो. त्यामुळे एक चाक चिखलात, वाळूत किंवा ओल्या गवतावर घसरू लागले तरी पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे इंजिनाचा जोर काही प्रमाणात पोहोचत राहतो. विलीज जीप, लँड रोव्हर सिरीज, जुन्या महिंद्रा जीप, मारुती जिप्सी अशा वाहनांत मूळचे डिफरेन्शियल सामान्यतः साधे असते आणि अनेक मालक ते नंतर बदलून घेतात. कोणता प्रकार निवडावा हे वाहनाचा वापर, अ‍ॅक्सलची बनावट आणि हाफ शाफ्टची ताकद या तीन गोष्टींवर अवलंबून असते. केवळ अधिक पकड एवढाच निकष लावून केलेली निवड जुन्या अ‍ॅक्सलला झेपेलच असे नाही.

साध्या डिफरेन्शियलची मर्यादा

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरेन्शियलचे मूळ काम होय. मात्र साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सारखाच देते. घसरणारे चाक जेवढा टॉर्क पेलू शकते तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो. समजा, निसरड्या बाजूचे चाक २०० न्यूटन-मीटर टॉर्कवर घसरू लागते. तर पकड असलेल्या चाकालाही २०० च मिळतील आणि अ‍ॅक्सलचा एकूण टॉर्क ४०० न्यूटन-मीटरवर थांबेल. एक चाक पूर्ण हवेत असेल तर दोन्ही बाजूंना जवळजवळ शून्य टॉर्क मिळेल.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीही अडकते, याचे कारण यातच आहे. पुढील आणि मागील दोन्ही डिफरेन्शियल साधी असल्यास पुढचे एक आणि कर्णरेषेतील मागचे एक अशी दोनच चाके घसरली तरी गाडी जागच्या जागी उभी राहते. खडकाळ किंवा उंचसखल वाटेवर ही स्थिती वारंवार येते.

इतिहास

डिफरेन्शियलची कल्पना मोटारीपेक्षा जुनी असून वाफेवर चालणाऱ्या वाहनासाठी तिचे पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये घेतले गेले. घसरणीला मर्यादा घालणारी डिफरेन्शियल १९३० च्या दशकात जर्मनीतील ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींत वापरली गेली. ती झेडएफ या कंपनीने तयार केली होती. अमेरिकेत १९५६ साली पॅकार्ड मोटारींत असे डिफरेन्शियल उपलब्ध झाले. १९५८ साली अमेरिकी संशोधक व्हर्नन ग्लीसमन यांनी केवळ गिअरांच्या रचनेवर चालणाऱ्या डिफरेन्शियलचे पेटंट घेतले. ते पुढे टॉर्सेन या नावाने प्रसिद्ध झाले.

भारतात विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्योत्तर काळात महिंद्रा कंपनीने मुंबईत सुरू केली आणि त्या घराण्यातील जीप अनेक दशके रस्त्यावर राहिल्या. २०१५ साली सुधारित स्वरूपात आलेल्या महिंद्रा थारच्या मागील अ‍ॅक्सलला यांत्रिक लॉकिंग डिफरेन्शियल देण्यात आले. त्याआधीच्या जीपच्या मालकांना असे साधन हवे असल्यास ते स्वतंत्रपणे बसवून घ्यावे लागते.

प्रकार

क्लच-प्लेट प्रकार : यात डिफरेन्शियलच्या बाजूच्या गिअरांमागे घर्षणाच्या प्लेटा बसवलेल्या असतात. स्प्रिंगांच्या दाबामुळे त्या आधीपासूनच काही प्रमाणात आवळलेल्या असतात, म्हणून एक चाक हवेत असतानाही दुसऱ्या चाकाला थोडा टॉर्क मिळतो. प्लेटा झिजतात, हा या प्रकाराचा मुख्य दोष. झीज पूर्ण झाल्यावर हे डिफरेन्शियल साध्यासारखेच वागू लागते.

शंकू प्रकार : यात प्लेटांऐवजी शंकूच्या आकाराचे घर्षणपृष्ठ असते. कार्य क्लच-प्लेट प्रकारासारखेच असते. परंतु झिजलेले पृष्ठ बदलून दुरुस्ती करणे प्लेटांइतके सोपे नसते.

हेलिकल गिअर प्रकार : टॉर्सेन आणि ट्रूट्रॅक ही या प्रकाराची परिचित उदाहरणे. तिरप्या दातांचे गिअर भाराखाली आवरणावर दाबले जातात आणि त्या घर्षणातून पकड असलेल्या चाकाकडे अधिक टॉर्क वळतो. बदलण्याजोग्या प्लेटा नसल्याने हा प्रकार दीर्घकाळ टिकतो आणि रस्त्यावर त्याचे वागणे सौम्य असते. टॉर्कचे गुणोत्तर ३ धरल्यास वरील उदाहरणात घसरणाऱ्या चाकाला २०० आणि दुसऱ्याला ६००, असा एकूण ८०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळू शकतो. परंतु शून्याची तिप्पट शून्यच. त्यामुळे चाक पूर्ण हवेत असताना हा प्रकार फारसा उपयोगी पडत नाही.

व्हिस्कस प्रकार : यात सिलिकोन द्रवात फिरणाऱ्या तबकड्या असतात. जुन्या वाहनांत तो पुढील व मागील अ‍ॅक्सलच्या मध्ये अधिक आढळतो. वयोमानाने त्याचे गुणधर्म बदलतात; तो जखडल्यास वळताना टायर ओढले जातात.

लॉकर हा लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचा प्रकार नव्हे. तो दोन्ही चाके एकत्र जखडतो. हवेच्या दाबाने किंवा विजेने चालणारा लॉकर चालकाच्या इच्छेनुसार लावता व सोडवता येतो, तर स्वयंचलित लॉकर आपोआप कार्य करतो. कर्णरेषेत चाके उचलली जाणाऱ्या खडकाळ वाटेवर लॉकरची बरोबरी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल करू शकत नाही.

निवडीपूर्वीची तपासणी

जुन्या वाहनाच्या बाबतीत निवडीची सुरुवात अ‍ॅक्सलपासून होते. एकाच नावाच्या वाहनात वेगवेगळ्या काळात वेगवेगळे अ‍ॅक्सल वापरले गेले आहेत आणि पूर्वीच्या मालकाने अ‍ॅक्सल बदललेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून केवळ वाहनाचे नाव व वर्ष सांगून सुटा भाग मागवणे धोक्याचे ठरते. पुढील बाबी प्रत्यक्ष उघडून पाहिल्या जातात.

हाफ शाफ्टवरील स्प्लाइनची संख्या : जुन्या लँड रोव्हरच्या हाफ शाफ्टला आतील टोकाला १० स्प्लाइन असत, तर १९९० च्या दशकातील नंतरच्या वाहनांत २४ स्प्लाइन आल्या. जीपमधील डाना ४४ अ‍ॅक्सलमध्येही काळानुसार १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे शाफ्ट आढळतात. संख्या जुळली नाही तर नवे डिफरेन्शियल बसतच नाही.

क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर : काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तराच्या पुढे डिफरेन्शियलचे आवरणच बदलते. डाना ४४ मध्ये ३.७३ व त्याखालील गुणोत्तरांसाठी एक आणि ३.९२ व त्यावरील गुणोत्तरांसाठी दुसरे आवरण लागते. पुढील आणि मागील गुणोत्तर सारखे ठेवणे तर अनिवार्यच आहे.

हाफ शाफ्टची ताकद : साधे डिफरेन्शियल टॉर्क निम्मा-निम्मा वाटते, म्हणून एका शाफ्टवर निम्म्याहून अधिक भार येत नाही. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल मात्र एकाच शाफ्टवर बराच अधिक भार टाकू शकते. जुने, गंजलेले किंवा पूर्वी पिळले गेलेले शाफ्ट अशा वेळी तुटतात, आणि तेही बहुधा वस्तीपासून दूर. स्प्लाइनची रेघ सरळ न राहता वळलेली दिसणे ही शाफ्ट पिळला गेल्याची खूण आहे.

हँडब्रेकची जागा : हेलिकल प्रकारात चाक हवेत असताना ब्रेक हलका दाबून घसरणाऱ्या चाकावर कृत्रिम भार निर्माण करता येतो आणि दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो. विलीज जीप व लँड रोव्हर सिरीजमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे या वाहनांत ही युक्ती हँडब्रेकने साधत नाही. पायाचा ब्रेकच वापरावा लागतो.

पुढील की मागील अ‍ॅक्सल

एकाच अ‍ॅक्सलवर खर्च करायचा असल्यास सामान्यतः मागील अ‍ॅक्सल निवडला जातो, कारण चढावर वाहनाचा भार मागे सरकतो आणि टू-व्हील-ड्राइव्हमध्येही त्याचा लाभ मिळतो. पुढील अ‍ॅक्सलवर घट्ट आवळलेला क्लच-प्लेट प्रकार बसवल्यास स्टिअरिंग जड होते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या जीपमध्ये हा त्रास विशेष जाणवतो. तेथे हेलिकल प्रकार अधिक सुसह्य ठरतो.

वापरानुसार निवड

मुख्यतः डांबरी रस्ता आणि अधूनमधून चिखल असा वापर असेल तर मागे हेलिकल प्रकार योग्य ठरतो. नांगरलेली शेते, वाळू किंवा ओढ्याकाठच्या वाटा असा नित्याचा वापर असेल आणि प्लेटा बदलण्याची सोय असेल, तर क्लच-प्लेट प्रकार विचारात घेता येतो. खडकाळ वाटांवर चाके वारंवार उचलली जात असतील तर चालकाच्या ताब्यातील लॉकर अधिक उपयुक्त असतो. मात्र त्यासाठी शाफ्ट भक्कम असणे आवश्यक आहे.

आडव्या उतारावर लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचा तोटाही होतो. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक घसरत असताना दुसरे बहुधा न घसरता गाडीला आडवे धरून ठेवते. दोन्ही मागची चाके एकदम घसरली की हा आधार जातो आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे सरकतो. पावसाळ्यात घाटातील ओल्या वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासही असेच घडू शकते. जड स्टेशन वॅगनपेक्षा आखूड व्हीलबेसच्या जीपमध्ये हा धोका अधिक असतो.

बसवणी, देखभाल आणि सुरक्षितता

नवे डिफरेन्शियल बसवताना क्राऊन व्हील त्यावर चढवून बेअरिंगचा दाब आणि क्राऊन-पिनियनमधील मोकळीक शिमांच्या साहाय्याने जुळवावी लागते. ही मोकळीक अनेक अ‍ॅक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेतून घेतला जातो. दातांवर रंग लावून संपर्काचा ठसा पाहिल्याखेरीज काम पूर्ण मानले जात नाही. जुळणी चुकल्यास आधी घरघर ऐकू येते आणि पुढे दात तुटतात.

क्लच-प्लेट प्रकाराला घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य मिसळलेले गिअर ऑइल लागते. ते नसल्यास वळताना अ‍ॅक्सलमधून कटकट आवाज व थरथर जाणवते. हेलिकल प्रकाराला असे द्रव्य सहसा लागत नाही. जुन्या बाजारातून घेतलेले क्लच-प्लेट डिफरेन्शियल तपासण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून व जमिनीवरील चाकांना ओट लावून एक मागचे चाक उचलतात आणि ते फिरवण्यास लागणारा टॉर्क मोजतात. चाक हाताने सहज फिरले तर प्लेटा संपल्या असे समजावे.

लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल असलेल्या गाडीचे एकच चाक जॅकवर घेऊन इंजिनाच्या जोराने ते फिरवणे अत्यंत धोकादायक आहे. जमिनीवरील चाकालाही टॉर्क मिळून गाडी जॅकवरून सुटू शकते. अशी तपासणी करायची झाल्यास त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलून आणि पुढील अ‍ॅक्सलचे चालन सोडवूनच करावी लागते. जुने वाहन नव्या मालकाकडे जाताना असे डिफरेन्शियल बसवले असल्याची माहिती त्याला दिली जाणे म्हणूनच महत्त्वाचे असते. बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही.