आरंभकालीन ख्रिस्ती समाजातील व्यक्तिनामे व सामाजिक दर्जा

पौलाने इ. स. ५६-५७ च्या सुमारास करिंथहून रोमच्या मंडळीस धाडलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात २४ व्यक्तींस नावानिशी सलाम सांगितला आहे. धर्मविचाराच्या अभ्यासकास ही यादी रूक्ष वाटते. नामाभ्यासकास मात्र पत्राचा हाच भाग मोलाचा होय.

रोमन दासाला एकच नाव असे व ते धनी ठेवी. दास मुक्त झाला म्हणजे धन्याचे कुलनाम धारण करी आणि जुने दासनाम त्यापुढे जोडी. इ. स. पू. पहिल्या शतकातील पंडित वारो सांगतो की, एफिस येथे खरेदी केलेल्या दासास कोणी विक्रेत्या आर्तेमिदोरसवरून आर्तेमास म्हणे, कोणी आयोनिया प्रांतावरून आयोन, तर कोणी शहरावरून एफेसियस. यादीतील ‘पर्सिस’, म्हणजे पारसदेशीची स्त्री, हे नाव याच जातीचे दिसते. ‘हर्मेस’ हे तर रोमच्या शिलालेखांत दासांचे अतिशय रूढ नाव. ‘यूलिया’ व ‘यूनिया’ ही कुलनामे कानाला खानदानी लागतात. पण मुक्त दासींनाही ती धन्याच्या कुळावरूनच मिळत. (यूनियास पुरुष ठरविण्यासाठी ‘यूनियास’ असे जे नाव पुढे कल्पिले गेले, ते तत्कालीन लेखांत कोठेही आढळत नाही.)

फिलेमोनाचा दास अनेसिम याच्या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. धन्याची अपेक्षाच तेथे नाव झाली आहे. पौल ‘निरुपयोगी’ व ‘उपयोगी’ या शब्दांवर कोटी करतो, हे सर्वश्रुत आहे. पुढे विसाव्या वचनात त्याने योजलेले क्रियापदही अनेसिमाच्याच धातूपासून झाले आहे, इकडे क्वचितच लक्ष जाते.

तथापि नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे. यादीतील त्रुफैना हेच नाव त्याच शतकात थ्रेसच्या राणीचे, आंतोनिया त्रुफैनाचे, होते. ग्रीक नावाचा मनुष्य रोममध्ये स्वतंत्र परदेशीयही असू शके, वा मुक्त दासाचा स्वतंत्र जन्मलेला पुत्रही. म्हणून एकेका नावावरून निर्णय करू नये. समूहाचा कल पाहावा. पेटर लाम्पे यांनी १९८७ मध्ये तसा तो पाहिला. ज्यांच्याविषयी अनुमान शक्य आहे, त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांची नावे त्यांना दास्यमूलाकडे झुकणारी आढळली. प्रस्तुत लेखकास ही पद्धती ग्राह्य वाटते.

याच यादीत ‘अरिस्तबूलाच्या माणसांस’ व ‘नार्किसाच्या माणसांपैकी जे प्रभूमध्ये आहेत त्यांस’ सलाम आहे. या दोन्ही घरधन्यांस स्वतःस मात्र सलाम नाही. घर ओळखू यावे एवढ्यापुरतेच त्यांचे नाव आले आहे. आणि त्यांच्या घरची जी माणसे मंडळीत होती, त्यांपैकी एकाचेही नाव पौलाने दिलेले नाही.