देव तारी, पण विहीर कोणी खणावी?

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. आमच्या उंब्रजेत तर समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती गावाच्या पाठीशी उभा आहे. पण ज्या समर्थांनी हे राखणदार ठिकठिकाणी बसविले, त्यांनीच लोकांना प्रयत्नाचा धडाही घालून दिला. देवावर भार टाकावा, पण हातपाय गाळू नयेत! ख्रिस्ती श्रद्धेच्या वाटेने गेलेल्या एका मराठी बाईने हेच सत्य स्वतःच्या आयुष्यात कसे उतरविले, ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविण्याइतके धीट. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. रमाबाई सोळा वर्षांच्या आसपास असतील, तेव्हा दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचा पैसा दानधर्मात आणि अनुष्ठानांत सरला. मोलमजुरी कुणाला ठाऊक नव्हती, भीक मागण्याची लाज वाटे. थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. पोटातली ती आग रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविले. १८९३ साली तेथे धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले, अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई मात्र डगमगल्या नाहीत.

खरी कसोटी आली ती १८९६ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात लेकरे वाऱ्यावर पडली आहेत हे कळताच त्या तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे बायका-मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. एवढ्यांना शहरात ठेवणार कोठे? दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली.

अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते; त्याची मुदत १८९८ साली सरली. त्यानंतर १९०० च्या सुमारास गुजराथेत छप्पनचा भयंकर दुष्काळ! मुक्तीतली माणसे दीड हजारांच्या वर गेली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ पोसल्याचे रमाबाईंनी वाचले होते. त्यांनीही तोच आधार धरला. पाखरांना चारा देणारा पिता माणसाला विसरत नाही, असे येशूने शिष्यांना समजाविले होते. पण पाखरांचा चारासुद्धा घरट्यात आपोआप येऊन पडत नाही, हे दुष्काळात पोळलेल्या रमाबाईंना कुणी सांगावे लागले नाही!

म्हणून प्रार्थनेबरोबर कुदळही चालली. विहिरी खणल्या, मळे लावले. मुली हातमागावर बसल्या, तेल गाळू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अवर्षणात विहिरी संध्याकाळी तळ गाठीत आणि सकाळी त्यांत पुन्हा पाणी दिसे. रमाबाई त्यात देवाचा हात पाहात. कुणी म्हणेल, तो जमिनीतला झरा. असेल! पण झरा वर यावयाला आधी विहीर खणलेली असावी लागते. आईवडिलांपाशी भक्ती उदंड होती, पण कष्टाची सवय नव्हती. लेकीने दोहोंची सांगड घातली.

मग देवाने त्यांना दुःखापासून वाचविले काय? नाही. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमा चाळिशीच वारली. रमाबाईंची श्रवणशक्ती कधीच मंदावलेली, शरीर थकलेले. तरी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे अनेक वर्षांचे काम त्यांनी सोडले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

देवाचे रक्षण म्हणजे घाव न बसणे, असा अर्थ रमाबाईंनी कधी केलाच नाही. घाव सोसूनही दुसऱ्याच्या लेकरासाठी उभे राहण्याचे बळ मिळावे, एवढेच त्यांचे मागणे. केडगावची मुक्ती आजही चालू आहे, यावरून ते मागणे व्यर्थ गेले नाही असेच म्हणावे लागेल.