सुवर्णसमन्वेषण, भूकंपीय

जमिनीत मुद्दाम निर्माण केलेल्या कंपनांचे खोलवरच्या खडकांवरून परतणारे तरंग नोंदवून सोनेधारक थरांची खोली, त्यांचा कल आणि त्यांतील तुटी ठरविण्याच्या पद्धतीला भूकंपीय सुवर्णसमन्वेषण म्हणतात. खनिज तेलाच्या शोधात परिपक्व झालेली ही परावर्तन पद्धत दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड द्रोणीत १९८० नंतरच्या दशकात सोन्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली.

या द्रोणीतील सोने मुख्यतः गारगोटीच्या गोट्यांनी बनलेल्या पिंडाश्माच्या पातळ थरांत असते. खाणकामगार त्यांना ‘रीफ’ म्हणतात. १८८६ मध्ये जोहान्सबर्गजवळ हे थर उघड्यावर सापडले, परंतु ते दक्षिणेकडे कलत जाऊन नंतरच्या लाव्हा व डोलोमाइट खडकांखाली गडप होतात. १९३० च्या सुमारास रुडॉल्फ क्राहमान या जर्मन भूभौतिकीविदाने सोन्याच्या थरांखालील लोहयुक्त, चुंबकीय शेल खडकांचा माग काढून झाकलेल्या रीफचे स्थान अनुमानाने ठरविले होते. शेजाऱ्यावरून घर ओळखण्याची हीच युक्ती भूकंपीय पद्धतीतही आहे.

कारण तरंगांना सोने दिसत नाही. टनामागे काही ग्रॅम एवढ्या सोन्याने खडकाची घनता बदलत नाही. सुमारे ६,००० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या, ६० हर्ट्‌झ वारंवारतेच्या तरंगाची लांबी १०० मीटर भरते, आणि जेमतेम मीटरभर जाडीची रीफ तीत वेगळी उमटू शकत नाही. घनता व तरंगवेग यांच्या गुणाकारास ध्वनिरोध म्हणतात. तो जेथे एकाएकी बदलतो तेथूनच तरंग परततो. ‘व्हेंटर्सडॉर्प कॉन्टॅक्ट रीफ’ क्वॉर्ट्‌झाइट आणि त्यावरील अधिक जड लाव्हा यांच्या सीमेवरच असल्याने तिची पातळी ठळक उमटते; उलट ‘कार्बन लीडर’ ही रीफ क्वॉर्ट्‌झाइटच्या मधोमध असल्याने तिचे स्थान जवळच्या शेलच्या थरावरून काढावे लागते.

प्रत्यक्ष कामात कंपने देणारे अवजड ट्रक जमिनीवर ठरावीक वारंवारतांचा कंप सोडतात आणि ओळीने रोवलेले जिओफोन परतीचे तरंग टिपतात. तीन किलोमीटर खोलीवरून तरंग परतण्यास सुमारे एक सेकंद लागतो. या वेळेचे खोलीत रूपांतर करण्यासाठी वेधनछिद्रांत मोजलेला तरंगवेग आवश्यक असतो, म्हणून ही पद्धत वेधनाची जागा घेत नाही, त्याच्या जागा मात्र निवडून देते. रेषांवर घेतलेल्या द्विमितीय सर्वेक्षणात दोन रेषांमधला विभंग, म्हणजे जेथे थर तुटून वर-खाली सरकले आहेत ती भेग, निसटू शकतो; त्यामुळे पुढे त्रिमितीय सर्वेक्षणे आली. खाणीच्या दृष्टीने त्यांचे खरे मोल येथेच आहे, कारण विभंगापलीकडे रीफ एकदम नाहीशी होते, तेथून पाणी शिरू शकते आणि ताण साचून खडक फुटण्याचा धोकाही वाढतो. अलीकडे जुन्याच नोंदींवर नव्याने संगणकीय प्रक्रिया करून, पूर्वी न दिसलेले, काही मीटरच सरकलेले विभंगही शोधले जातात.

ही पद्धत सर्वत्र सारखी उपयोगी नाही. मंद उताराच्या, दूरवर पसरलेल्या थरांना ती मानवते. कर्नाटकातील कोलारप्रमाणे सोने जवळजवळ उभ्या शिरांत असेल, तर पृष्ठभागावरून सोडलेले तरंग बाजूला फेकले जातात आणि त्यांतील फारच थोडे जिओफोनपर्यंत पोहोचतात.