पशुरुग्णालयाचे व्यवस्थापन
खाडीकाठच्या नवी मुंबईत पशुरुग्णालय चालविताना उपचारकौशल्याइतकेच व्यवस्थापनही कसोटीला लागते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न राहिल्यास निष्प्रभ ठरू शकते. त्यामुळे शीतकपाटासाठी पर्यायी वीजपुरवठा व तापमानाची दैनंदिन नोंद आवश्यक असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. आजारी प्राण्याचे मूत्र हाताळताना हातमोजे वापरावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळपास अटळ असल्याने मदतनिसांनाही प्रतिबंधक लस आधीच द्यावी. प्राणी चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावेत. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम पशुरुग्णालयांनाही लागू असल्याने वापरलेल्या सुया छिद्र न पडणाऱ्या डब्यात ठेवाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वीच खर्चाचा लेखी अंदाज दिल्यास मालकाशी होणारे वाद टळतात.