नांगी नसलेल्या माशांचा शिधा

वणीनजीकच्या सप्तशृंगगडाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, मधमाशांच्या पोळ्यांत खुपसलेल्या काठीला शेंदूर लागला आणि देवीची मूर्ति सांपडली. याच मक्षिकाकुलांत झाडांच्या ढोलींत व भिंतींच्या फटींत राहणारी एक चिमुकली जात आहे. तिची नांगी निरुपयोगी असते. फ्रेडरिक स्मिथ यानें १८५४ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें. पुढें १९५८ सालीं लिंडाउअर व केर या संशोधकांनीं ब्राझीलमधील अशा माशांचा अभ्यास केला. त्यांतल्या कांहीं जाती वाटेवर गंधाच्या खुणा ठेवून सोबतिणींना फुलांपर्यंत नेतात, असें त्यांना आढळलें.

या माशा मध आणि पराग निरनिराळ्या कुंड्यांत सांठवितात. प्रत्येक कोठडीत आधीं पिल्लाचें सर्व अन्न भरलें जातें. मग राणी अंडें घालते व कोठडी बंद होते. म्हणून परागाचा सांठा घटला कीं परागासाठीं फेऱ्या वाढतात, आणि तो पुरेसा झाला कीं त्या मंदावतात. ऊन, पाऊस व फुलें उमलण्याची वेळ यांचाही त्यांवर परिणाम होतो. तेव्हां मधासाठीं ढोली फोडणारा मनुष्य केवळ मध नेत नाहीं, तर पुढील पिढीचा शिधाही उधळून टाकतो.