दात निखळणे

अपघातामुळे दात मुळासकट जबड्याच्या खोबणीतून पूर्णपणे बाहेर पडणे, यास दात निखळणे असे म्हणतात. दंतवैद्यकात या इजेला ॲव्हल्शन ही संज्ञा आहे. लहान मुलांच्या दातांना होणाऱ्या इजांमध्ये ही सर्वांत तातडीची मानली जाते, कारण कायमचा दात वाचणे हे बहुतांशी पहिल्या काही मिनिटांत घटनास्थळी काय केले जाते यावर अवलंबून असते.

कारणे आणि वयोगट

वरच्या जबड्यातील मधले पटाशीचे दात सर्वाधिक वेळा निखळतात. हे कायमचे दात साधारणपणे ७ ते ८ व्या वर्षी येतात. मात्र त्यांच्या मुळांची वाढ सुमारे १० व्या वर्षापर्यंत चालू असते. या वयात मूळ अपुरे व भोवतीचे हाड लवचीक असल्याने आघाताने दात सहज सुटतो. पुढे आलेले दात व पूर्ण न मिटणारे ओठ यांमुळे धोका वाढतो. पडणे, सायकलचे अपघात, चेंडू किंवा बॅट लागणे आणि जलतरण तलावाच्या काठावर आपटणे ही नेहमीची कारणे आहेत.

शरीरशास्त्र

दाताचे मूळ परिदंत बंधाच्या तंतूंनी हाडाशी जोडलेले असते. दात निखळताना हे तंतू तुटतात, परंतु त्यांच्या जिवंत पेशी मुळावर चिकटून राहतात. दात कोरडा राहिल्यास सुमारे ३० मिनिटांत यांतील बहुतेक पेशी मरतात. पेशी जिवंत असतील तर पुन्हा बसवलेला दात हाडाशी नैसर्गिकरीत्या जुळू शकतो.

प्रथमोपचार

आंतरराष्ट्रीय दंत आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पुढील क्रम सुचवला आहे.

* निखळलेला दात कायमचा असल्याची खात्री करावी.
* दात वरच्या पांढऱ्या भागाने धरावा. मुळाला हात लावू नये.
* दात मळला असल्यास दूध, सलाईन किंवा मुलाच्या स्वतःच्या लाळेने हलकेच धुवावा. तो घासू अथवा पुसू नये.
* दात लगेच मूळ जागी बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल किंवा गॉझ चावून धरण्यास सांगावे.
* दात बसवणे शक्य नसल्यास तो दुधात ठेवावा. दूध नसल्यास लाळ किंवा सलाईन वापरावे. साधे पाणी योग्य माध्यम नाही, तरीही दात कोरडा ठेवण्यापेक्षा ते बरे.
* तत्काळ दंतवैद्याकडे जावे.

मूल बेशुद्ध असल्यास किंवा डोक्याला मार असल्यास दात बसवण्यात वेळ न दवडता आधी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दात सापडत नसल्यास तो गिळला गेला, श्वासनलिकेत गेला अथवा हिरडीत आत घुसला असण्याची शक्यता तपासावी लागते.

दुधाचे दात

निखळलेला दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत, कारण त्यामुळे खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुरास इजा होऊ शकते. तरीही दंतवैद्याकडून तपासणी आवश्यक असते.

उपचार

दंतवैद्य दाताला लवचीक तारेने शेजारच्या दातांशी सुमारे २ आठवडे बांधून ठेवतात. प्रतिजैविके दिली जातात व धनुर्वाताच्या लसीची गरज तपासली जाते. मुळाची वाढ पूर्ण झालेली असल्यास २ आठवड्यांच्या आत मूळनलिकेचे उपचार सुरू होतात. वाढ अपुरी असल्यास दंतमगजात पुन्हा रक्तपुरवठा सुरू होण्याची वाट पाहिली जाते. तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिलेला दातही सहसा बसवला जातो. त्यामुळे दिसणे व हाडाचा आकार काही वर्षे तरी टिकतो.

गुंतागुंत

बंधाच्या पेशी मेल्यास मूळ हाडाला थेट चिकटते व हळूहळू झिजून त्याची जागा हाड घेते. वाढत्या वयात असा दात शेजारच्या दातांबरोबर खाली सरकत नाही आणि आखूड दिसू लागतो. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत कृत्रिम दंतरोपण करता येत नसल्याने बालपणी गमावलेल्या दाताचा प्रश्न अनेक वर्षे राहतो.

सुट्टीतील दक्षता

उन्हाळी सुट्टीत मुले खेळ, पोहणे व प्रवासात अधिक वेळ घालवतात. नेहमीचा दंतवैद्य अशा वेळी जवळ नसतो. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणचा दवाखाना आधीच माहीत करून घेणे उपयुक्त ठरते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत. थेट धक्क्याच्या खेळांत दंतरक्षक आणि सायकल चालवताना हेल्मेट वापरल्याने इजेचा धोका कमी होतो.