उतारवयातले घर आणि देखभाल: इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी माहिती

उतारवयात कुठे राहायचे आणि कोणाच्या आधाराने, याचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच वेळी होतो. कोणी न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडते तेव्हा, नाहीतर दोघांपैकी एक जण जातो तेव्हा. दोन्ही वेळी निर्णय चार-सहा दिवसांत उरकावा लागतो, कारण पुण्याहून किंवा बंगळुरूहून आलेल्या मुलाची रजा संपत आलेली असते. ती वेळ येण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावी, अशी माहिती आम्ही येथे देत आहोत.

राहते घर

बहुतेकांना आपल्याच घरात राहायचे असते आणि थोडे फेरफार केले तर ते बरीच वर्षे जमते. जुन्या वाड्यांत अडचण जिन्याची. राजेंद्र नगर, सुदामा नगरकडे बांधलेल्या घरांत निजायची खोली वरच्या मजल्यावर असते आणि दाराशी दोन-तीन पायऱ्या. निजायची खोली वेळीच खाली आणावी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. जागा नाही म्हणून मिस्त्री चार फुटांत उतार काढून देतो, पण तो चढताना दमवतो आणि उतरताना पाडतो. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे करून घ्यावे. आत पडलेला माणूस दाराला टेकलेला असला, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.

वृद्धाश्रम निवडताना

'वृद्धाश्रम' या एकाच शब्दात आपण फार वेगवेगळ्या जागा कोंबतो. निराधारांसाठीचे मोफत आश्रम, महिन्याची फी घेणारे आश्रम, ज्येष्ठांसाठी बांधलेल्या सदनिका, आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी केंद्रे. पुष्कळ आश्रमांत चालतेफिरते, स्वतःचे स्वतः करणारे ज्येष्ठच घेतात. म्हणून खोली, बाग, देवघर पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा: अंथरूण धरले किंवा विस्मरण वाढले, तर तुम्ही ठेवून घ्याल का? उत्तर करारात लिहून मागावे. अनामत रक्कम कधी व किती परत मिळेल, रात्री परिचारिका असते का, जवळचे रुग्णालय कोणते, हेही त्यातच यावे. पाहायला जाणे जमले तर न कळवता, जेवणाच्या वेळी जावे.

आपल्या कुटुंबांसाठी भाषेचा प्रश्न वेगळा आहे. जन्मभर इंदुरी हिंदी सफाईने बोललेली आजी विस्मरणाच्या आजारात फक्त मराठीतच बोलू लागते, आणि 'दुखतंय' म्हणते ते सेविकेला कळत नाही, असे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी रोजच्या गरजेचे वीस-पंचवीस शब्द देवनागरीत, हिंदी अर्थासह लिहून पलंगाजवळ लावावेत. साधा उपाय आहे, पण चालतो. पुण्याला मुलाकडे न्यायचे की इथेच ठेवायचे, हे ठरवतानाही भाषा एका पारड्यात आणि चाळीस वर्षांचे शेजारी दुसऱ्या पारड्यात, असा तोल असतो. त्यात ज्याला राहायचे आहे त्याचे मत आधी विचारावे. ते शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही.

घर नावावर करून देण्याआधी

आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती इथे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. तो व्यवहार रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला, म्हणजे आपल्याकडे एसडीएमला आहे. अडचण 'अटीवर' या शब्दात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात, अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे म्हटले. पुढे आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचे प्रकरण आले. तिने मुलाला घर बक्षीसपत्राने दिले होते आणि सांभाळण्याचे वचन मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिले होते. एसडीएमने आईच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, अट बक्षीसपत्रात नाही म्हणून, तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी बक्षीसपत्र रद्द करून घर आईला परत द्यायला सांगितले. पण तोवर चार वर्षे गेली होती. तेव्हा द्यायचेच असेल तर सांभाळाची अट रजिस्ट्रीच्या कागदातच लिहावी. त्याहून सोपे म्हणजे मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदार पुरतात आणि हयातीत घर आपलेच राहते.

याच कायद्याने दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्चही मागता येतो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांना, ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता जाणार आहे त्या नातेवाइकाकडून तो मागता येतो. पुतण्या-भाच्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. देणाऱ्याची समज हरपली की ते कायद्याने संपते, म्हणजे नेमके हवे तेव्हा उपयोगी पडत नाही. बँकेचे खाते 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचे करणे आणि नामांकन पुरे करणे, ही कामे समज शाबूत असतानाच उरकावीत.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळतो. आश्रमाची फी किंवा घरी ठेवलेल्या सेविकेचा पगार मात्र त्यात बसत नाही.

ज्यांचे मूलच पराधीन आहे

काही घरांत ऐंशीच्या आई-वडिलांबरोबर पन्नाशीचा मुलगा किंवा मुलगी असते, जिला एकटे राहता येत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. तिचे अध्यक्ष कलेक्टर असतात. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार या कायद्यात येत नाहीत. पालक म्हणून कोणाचे नाव द्यायचे ते दोघे हयात असतानाच ठरवावे, आणि त्या व्यक्तीने आधी काही दिवस त्या मुलाबरोबर राहून पाहावे.

तातडीच्या अडचणीत ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. फोन विनामूल्य लागतो.